जखमेनंतरची वर्षं : काही टिपणे

स्टीव्हन ओकाझाकी या अमेरिकी माहितीपटकाराच्या कामाची यादी वाचताना आधी बुचकळ्यात पडायला होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, त्यावरचे चित्रपट. हिरोशिमा आणि नागासाकीवरचे चित्रपट. कंबोडियातल्या छळछावणीवर एक. आणि याच यादीत सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर हेरॉइन टोचून घेणाऱ्या तरुणांवर एक, व्यसनमुक्ती केंद्रावर एक, केप कॉडच्या समुद्रकाठच्या गावांत शिरलेल्या हेरॉइनवर एक. एका बाजूला युद्ध, दुसऱ्या बाजूला व्यसन. एकाच माणसानं इतकी वर्षं या दोहोंमध्ये ये-जा का करावी?

हे चित्रपट एकापाठोपाठ पाहिले की उत्तर मिळतं. त्याचा विषय पहिल्यापासून एकच आहे: मोठा आघात होऊन गेल्यावर माणूस पुढची वर्षं कशी काढतो. बॉम्ब पडतो ती सकाळ, पहिली सुई टोचली जाते ती रात्र, यांच्या गोष्टी पुष्कळ आहेत. नंतरच्या तीस-चाळीस वर्षांच्या फार थोड्या.

❊

ओकाझाकी १९५२ साली कॅलिफोर्नियात जन्मला, जपानी स्थलांतरितांच्या तिसऱ्या पिढीत. त्याच्या जन्माच्या दहा वर्षं आधी, फेब्रुवारी १९४२ मध्ये, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली होती. पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरं, दुकानं, शेतं सोडून काटेरी तारांच्या आत जावं लागलं. त्यांतले दोन-तृतीयांश जन्मानं अमेरिकी नागरिक होते.

'अनफिनिश्ड बिझनेस' (१९८५) हा त्याचा चित्रपट या आदेशाला नकार देणाऱ्या तिघांवर आहे: गॉर्डन हिराबायाशी, फ्रेड कोरेमात्सु आणि मिनोरू यासुई. तिघेही दोषी ठरले आणि सर्वोच्च न्यायालयानंही त्यांना दोषीच मानलं. कोरेमात्सुवरचा ठपका सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयानं पुसला तो थेट १९८३ मध्ये. सरकारनं माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देण्याचा कायदा केला तो १९८८ मध्ये. तोवर कितीतरी माणसं ती माफी न ऐकताच गेली होती.

❊

'डेज ऑफ वेटिंग' (१९९०) जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. एस्टेल इशिगो ही गोरी चित्रकार, नवरा आर्थर जपानी वंशाचा. छावणीत जायची सक्ती त्याच्यावर होती, तिच्यावर नव्हती. ती त्याच्याबरोबर गेली. वायोमिंगमधल्या हार्ट माउंटन छावणीत ती चित्रं काढत राहिली: बराकी, बर्फ, वाऱ्याला पाठ देऊन चालणारी माणसं, तारेपलीकडे बघणारी मुलं.

युद्ध संपलं, छावणी उठली. त्या दोघांचा संसार मात्र पुन्हा उभा राहिला नाही. ट्रेलरमधलं बिऱ्हाड, मिळेल ती मजुरी, गरिबी. १९५७ मध्ये आर्थर गेला. एस्टेल एकटी उरली. म्हातारपणी तिचे दोन्ही पाय कापावे लागले. छावणीत राहिलेल्या जुन्या मंडळींनी तिला शोधून काढलं, तेव्हा बाहेरच्या जगाला तिची काही आठवण उरली नव्हती. १९९० मध्येच ती वारली आणि पुढच्या वर्षी या चित्रपटाला ऑस्कर मिळालं.

छावणी तीन वर्षं चालली. एस्टेल तिची किंमत पंचेचाळीस वर्षं भरत होती. हिशेब मांडायचा तर असा मांडायला हवा, आणि ओकाझाकी तो असाच मांडतो.

❊

युद्धानंतरचा माणूस पडद्यावर आणायचा सुरुवातीचा एक मोठा प्रयत्न जॉन ह्यूस्टनचा. 'द माल्टीज फाल्कन'चा दिग्दर्शक ह्यूस्टन युद्धकाळात सैन्यात होता. इटलीतल्या लढाईवर त्यानं 'सॅन पिएत्रो' केला. मग सैन्यानं त्याला दुसरं काम दिलं: मनानं कोलमडून परत आलेल्या सैनिकांवर माहितीपट कर, म्हणजे त्यांना नोकऱ्या द्यायला लोक बिचकणार नाहीत. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर मेसन जनरल नावाचं लष्करी मनोरुग्णालय होतं. १९४५ मध्ये ह्यूस्टन तिथं कॅमेरे घेऊन गेला. 'लेट देअर बी लाइट' तयार झाला १९४६ मध्ये. निवेदनाचा आवाज त्याच्या वडलांचा, वॉल्टर ह्यूस्टन यांचा.

एकजण चालू शकत नाही. पायांना काहीही झालेलं नाही. एकाची वाचा अडखळते. एकाला ओकिनावात काय झालं ते आठवतच नाही. एक कृष्णवर्णीय सैनिक घरून आलेल्या फोटोबद्दल बोलायला लागतो आणि त्याला रडू आवरत नाही. समोर डॉक्टर बसलेला आहे आणि कॅमेरा हलत नाही. अमेरिकी सैन्यात तेव्हा काळ्या-गोऱ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. या चित्रपटात मात्र ते एकाच खोलीत, एकाच गटात बसून बोलतात.

चित्रपटाच्या सुरुवातीलाच सांगितलं आहे की सैन्यातल्या एकूण जायबंदींपैकी सुमारे २० टक्के मानसिक आघाताचे होते. दर पाचांत एक. आणि या पाचव्याच्या अंगावर दाखवायला जखम नव्हती.

❊

ह्यूस्टनच्या चित्रपटाचा दोषही लिहून ठेवतो. त्यात बरं होणं फार पटकन घडतं. संमोहन किंवा सोडियम अमायटलचं इंजेक्शन, डॉक्टरांचा धीर देणारा आवाज, आणि माणूस उठून चालायला लागतो. शेवटी बेसबॉलचा सामना, बसमध्ये बसून घरी जाणारे हसरे चेहरे. बस गेल्यावर काय झालं? त्या माणसांना रात्री झोप लागली का, बायकोशी बोलता आलं का, दारू किती वाढली? चित्रपट बसबरोबर जात नाही. सैन्याला हवा होता तो दिलासा त्यानं दिला.

तरी ते रडणारे, अडखळणारे चेहरे दिलाशापेक्षा मोठे ठरले. सैन्याला त्यांचीच भीती वाटली.

❊

१९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये हा चित्रपट दाखवायचा होता. लष्करी पोलीस आले आणि प्रिंट घेऊन गेले. कारण दिलं रुग्णांच्या खासगीपणाचं. ह्यूस्टनचं म्हणणं, रुग्णांनी संमतीपत्रांवर सह्या केल्या होत्या. ती संमतीपत्रं नंतर सापडेनात. पुढं सैन्यानं याच विषयावर 'शेड्स ऑफ ग्रे' नावाचा दुसरा चित्रपट नट घेऊन केला. त्यात सगळे गोरे.

मूळ चित्रपट पेटीत राहिला तो डिसेंबर १९८० पर्यंत. त्याच वर्षी अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या निदानसूचीत 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' हा आजार प्रथमच नोंदवला. ती नोंद व्हायला व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. ह्यूस्टनच्या चित्रपटातली माणसं १९४६ मध्येच लोकांना दिसली असती तर ते भांडण थोडं लवकर सुरू झालं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

❊

दुसरी पेटी. १९४५ मध्ये जपानी छायाचित्रकारांनी हिरोशिमा-नागासाकीत चित्रण केलं. अमेरिकी फौजांनी ते जप्त केलं. १९४६ मध्ये अमेरिकी सैन्याच्याच पथकानं तिथं रंगीत चित्रण केलं. तेही गोपनीय ठरलं. जपानी चित्रणाची प्रत जपानला परत मिळाली १९६७ मध्ये. रंगीत चित्रण सर्वसामान्यांच्या नजरेला पडायला १९८० नंतरची वर्षं उजाडली.

जिंकणाऱ्या सैनिकाचं तुटलेलं मन आणि हरलेल्या शहरातली भाजलेली पाठ, दोन्ही एकाच सरकारनं एकाच सुमाराला कुलूपबंद केली. ढगाचं चित्र मात्र सगळीकडे छापू दिलं. ते छत्रीसारखं उठलेलं ढगाचं चित्र लांबून, उंचावरून घेतलेलं आहे. त्यात माणूस दिसत नाही.

❊

ओकाझाकीचा 'व्हाइट लाइट, ब्लॅक रेन' (२००७) रस्त्यावर सुरू होतो. टोकियोतल्या नटूनथटून फिरणाऱ्या तरुण मुलामुलींना तो विचारतो, ६ ऑगस्ट १९४५ ला काय झालं? त्यांना सांगता येत नाही. चित्रपट त्यांना नावं ठेवत नाही. लगेच ज्यांना सांगता येतं त्यांच्याकडे वळतो.

बॉम्बमधून वाचलेली चौदा माणसं आणि बॉम्ब टाकण्याशी संबंध असलेले चार अमेरिकी. बस्स, एवढेच बोलतात. निवेदक नाही, इतिहासतज्ज्ञ नाही. १९४५ च्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७०,००० माणसं मेली. हे आकडे कुठंही वाचता येतात. एका म्हाताऱ्या माणसानं सदरा काढून आपली छाती आणि पाठ दाखवली, की आकड्यांमागचा माणूस कळतो.

❊

तो माणूस म्हणजे सुमितेरू तानिगुची. नागासाकीत पोस्टमन, वय १६. ९ ऑगस्टला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी तो सायकलवरून पत्रं वाटत होता, स्फोटाच्या केंद्रापासून १.८ किलोमीटरवर. सगळी पाठ जळाली. तो एक वर्ष नऊ महिने पोटावर पडून होता. छातीवर जखमा होऊन ती खचली. रुग्णालयातून सुटला १९४९ मध्ये. अमेरिकी पथकाच्या त्या कुलूपबंद चित्रणात हाच सोळा वर्षांचा मुलगा आहे, पालथा, लाल पाठीचा.

तानिगुची त्यानंतर अडुसष्ट वर्षं जगला. बॉम्बमधून वाचलेल्यांच्या 'निहोन हिदान्क्यो' या संघटनेच्या अग्रभागी राहिला, जगभर जाऊन आपला फोटो हातात धरून बोलला. २०१७ मध्ये गेला. २०२४ चं शांततेचं नोबेल याच संघटनेला मिळालं.

फोटोत तो कायमचा सोळा वर्षांचा आहे, पालथा आहे. ओकाझाकीच्या चित्रपटात तो म्हातारा आहे, सरळ बसला आहे, बोलतो आहे. हा फरक करणं हेच माहितीपटकाराचं काम.

❊

साकुए शिमोहिरा त्या वेळी दहा वर्षांची होती. आई गेली. ती आणि धाकटी बहीण उरल्या. बहिणीला ते जगणं झेपलं नाही. तिनं पुढं आगगाडीखाली जीव दिला. शिमोहिरा कॅमेऱ्यासमोर सांगते की मरायलाही धैर्य लागतं आणि जगायलाही. बहिणीनं एक निवडलं, तिनं दुसरं.

बहिणीबद्दल तिच्या तोंडून एकही दोषाचा शब्द येत नाही. आत्महत्या केलेल्यांबद्दल, व्यसनात गेलेल्यांबद्दल आपल्या घरांत जे बोललं जातं ते आठवलं आणि मान खाली गेली.

❊

कसं दाखवू नये, याचा नमुनाही याच चित्रपटात आहे. १९५५ मध्ये अमेरिकेत 'धिस इज युवर लाइफ' हा टीव्हीवरचा लोकप्रिय कार्यक्रम होता. हिरोशिमातले धर्मोपदेशक कियोशी तानिमोतो बॉम्बनं विद्रूप झालेल्या मुलींच्या उपचारांसाठी अमेरिकेत आले होते. त्यांना पूर्वकल्पना न देता कार्यक्रमात आणलं. मग पडद्याआडून एक माणूस पुढं आला: रॉबर्ट लुइस, हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या 'इनोला गे' विमानाचा सहवैमानिक. दोघांनी लाखो प्रेक्षकांसमोर हात मिळवायचे. मध्येच नखांच्या रंगाची जाहिरात.

ती फीत बघवत नाही. लुइस कपाळावर हात फिरवतो. तानिमोतोंना कुठं बघावं कळत नाही. समेट झाला असं दाखवायची घाई त्या कार्यक्रमाला होती, त्या दोन माणसांना नव्हती.

ओकाझाकी वाचलेल्यांना आणि बॉम्ब टाकणाऱ्यांना एका खोलीत आणत नाही. वेगवेगळं बसवतो, वेगवेगळं ऐकतो. एकत्र आणायचं ते प्रेक्षकाच्या मनात.

❊

आता व्यसन. 'ब्लॅक टार हेरॉइन' (१९९९) साठी त्यानं सॅन फ्रान्सिस्कोत तीन वर्षं, १९९५ ते १९९८, चित्रण केलं. पाच तरुण मुलंमुली. डांबरासारखं काळं, चिकट, मेक्सिकोतून येणारं स्वस्त हेरॉइन. शीर सापडत नाही म्हणून सुई टोचून टोचून सुजलेले हात. सकाळी उठल्याबरोबर टर्की लागते, म्हणजे नशा उतरल्याचा त्रास सुरू होतो: अंग मोडून येतं, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं. ते थांबवायला पैसे, पैशांसाठी चोरी किंवा शरीरविक्रय, पैसे आले की माल, आणि चार-सहा तासांनी पुन्हा तेच. नशेत मजा असते हा समज पहिल्या वीस मिनिटांत जातो. यांचं व्यसन म्हणजे सुट्टी नसलेली नोकरी आहे.

चित्रपट अतिशय कडक आहे. तो कुणाही अल्पवयीन मुलाला दाखवू नये. पालकांनी मात्र पाहावा.

❊

त्या पाचांपैकी ट्रेसी हेल्टन ही मुलगी पाहून वाटतं, ही काही जगणार नाही. ती जगली. १९९८ मध्ये तुरुंगातून उपचारांकडे वळली आणि व्यसन सुटलं. शिकली, पदव्युत्तर पदवी घेतली, लग्न झालं, मुलं झाली. २०१६ मध्ये 'द बिग फिक्स' नावाचं पुस्तक लिहिलं. आणि एक विलक्षण काम केलं: ओळखदेख नसलेल्या व्यसनी माणसांना तिनं टपालानं नॅलोक्सोन पाठवलं.

नॅलोक्सोन म्हणजे अतिमात्रेवरचा उतारा. हेरॉइन मेंदूत जिथं जाऊन चिकटतं आणि श्वास मंद करतं, तिथून त्याला नॅलोक्सोन काही मिनिटांत हुसकावतं. निळा पडलेला माणूस श्वास घ्यायला लागतो. व्यसन त्यानं सुटत नाही. पण सुटण्यासाठी माणूस आधी जिवंत असावा लागतो.

'ब्लॅक टार हेरॉइन' मध्ये हे पुढचं आयुष्य असणं शक्य नव्हतं. तिला फक्त त्या चित्रपटातून ओळखणाऱ्यांसाठी ती अजून त्याच रस्त्यावर आहे.

❊

युद्ध आणि व्यसन खरोखर एकत्र आले ते व्हिएतनाममध्ये. तिथं हेरॉइन स्वस्त आणि जवळजवळ शुद्ध मिळत असे, सैनिक ते सिगरेटमधून ओढत. १९७१ मध्ये निक्सन सरकार हादरलं: हजारो व्यसनी तरुण घरी येणार. मायदेशी निघण्याआधी प्रत्येकाची लघवी तपासायला सुरुवात झाली. ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंना या सैनिकांचा मागोवा घ्यायला सांगितलं.

निष्कर्षावर कुणाचा विश्वास बसेना. सुमारे २० टक्के सैनिक व्हिएतनाममध्ये व्यसनाधीन झाले होते. पण घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले साधारण ५ टक्केच पुन्हा त्या गर्तेत गेले. तीन वर्षांत साधारण १२ टक्के. बहुतेकांनी उपचारही घेतले नव्हते.

यावरून हेरॉइन निरुपद्रवी ठरत नाही. ठरतं ते एवढं, की माणूस कुठं आहे, काय भोगतो आहे, त्याच्या आजूबाजूला कोण आहे, यांवर व्यसनाचं फार काही अवलंबून असतं. मनोनिग्रहाचं व्याख्यान देणाऱ्या प्रत्येकानं हा अभ्यास वाचावा.

❊

'हेरॉइन : केप कॉड, यूएसए' (२०१५) मध्ये पुन्हा तरुण मुलंमुली, आठ जण. यांची घरं बरी आहेत, आईवडील जवळ आहेत. यांतल्या कित्येकांची सुरुवात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळीनं झाली. गोळी महागली किंवा मिळेनाशी झाली तेव्हा स्वस्तातलं हेरॉइन होतंच.

चित्रपट पूर्ण होईपर्यंत त्यातल्या दोघी अतिमात्रेनं गेल्या होत्या.

❊

ती गोळी आली कुठून, हा पुढचा प्रश्न. तो लॉरा पॉइट्रसनं विचारला. 'ऑल द ब्यूटी अँड द ब्लडशेड' (२०२२) मध्ये छायाचित्रकार नॅन गोल्डिनची कथा आहे. शस्त्रक्रियेनंतर तिला ऑक्सिकॉन्टिन दिलं गेलं आणि ती त्यात पूर्ण बुडाली. २०१७ मध्ये त्यातून बाहेर आल्यावर तिनं शोधलं, हे औषध विकतं कोण. पर्ड्यू फार्मा, मालक सॅकलर घराणं. त्यांचं नाव जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर कोरलेलं होतं, आणि त्याच संग्रहालयांत गोल्डिनचे फोटो लागत.

मार्च २०१८ मध्ये तिनं आणि तिच्या सोबत्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या सॅकलर दालनात, इजिप्तच्या प्राचीन मंदिराभोवतीच्या पाण्यात गोळ्यांच्या नारिंगी बाटल्या फेकल्या आणि सगळे जमिनीवर मेल्यासारखे पडून राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये त्या संग्रहालयानं सॅकलर नाव उतरवलं. चित्रपटाला व्हेनिसला सुवर्णसिंह मिळाला.

गोल्डिनचं बरं होणं उपचारांपाशी संपत नाही. ज्यानं जखम केली त्याचं नाव घेण्यापर्यंत ते जातं. बरं होण्याचा हा भाग आपल्याकडे कुणी मोजत नाही.

❊

हीच पॉइट्रस त्याआधी बगदादमध्ये होती. 'माय कंट्री, माय कंट्री' (२००६) साठी ती २००५ च्या जानेवारीतल्या निवडणुकीच्या काळात इराकमध्ये राहिली. एक सुन्नी डॉक्टर, त्याचा दवाखाना, त्याचं घर. बाहेर अमेरिकी फौजा, आत बायको-मुलींची काळजी, आणि निवडणुकीला उभा राहिलेला तो. चित्रपट आल्यानंतर अनेक वर्षं पॉइट्रसला स्वतःच्या देशाच्या विमानतळांवर पुन्हा पुन्हा अडवून तिची चौकशी केली गेली.

बगदादचा डॉक्टर आणि न्यूयॉर्कची छायाचित्रकार. ओकाझाकीसारखीच तीही युद्धाकडून व्यसनाकडे आली. मला हा योगायोग वाटत नाही. दोन्ही ठिकाणी निर्णय लांब बसलेला कुणी घेतो आणि भोगतो दुसराच. पुढं भोगणाऱ्यालाच विचारलं जातं: तू असा कसा झालास?

❊

कॅमेऱ्याच्या अपराधावरही ओकाझाकीनं चित्रपट केला: 'द कॉन्शन्स ऑफ न्हेम एन' (२००८). न्हेम एन हा कंबोडियात ख्मेर रूज राजवटीच्या तुओल स्लेंग तुरुंगात फोटो काढणारा, कोवळ्या वयाचा मुलगा. आणलेल्या कैद्याच्या डोळ्यांवरची पट्टी काढायची, फोटो घ्यायचा, पुढं पाठवायचं. पुढं म्हणजे छळ आणि मृत्यू. हजारो चेहरे त्यानं असे टिपले. ओकाझाकी त्याला विचारतो, तुला काय वाटत होतं? उत्तरं थंड आहेत: हुकूम होता, काम होतं. त्याच चित्रपटात वाचलेली अगदी मोजकी माणसंही बोलतात.

न्हेम एनचे फोटो तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहेत. चेहऱ्यावर प्रकाश नीट आहे. चित्रकलेचं, छायाचित्रणाचं, सिनेमाचं शिक्षण देणाऱ्या प्रत्येक संस्थेत हे फोटो दाखवून मुलांना एक तास काहीही न बोलता बसवावं.

❊

आपल्याकडे हे काम शब्दांनी झालं. १९८० च्या दशकात ब्राउन शुगर मुंबई-पुण्यात पसरली तेव्हा अनिल अवचट या मुलांमध्ये जाऊन बसले आणि त्यांनी 'गर्द' लिहिलं. ते लेखनापाशी थांबलं नाही. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या मदतीनं २९ ऑगस्ट १९८६ ला त्याच आवारात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

मुक्तांगणच्या कामात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो नंतरचा भाग. केंद्रातून घरी गेल्यावरचा फॉलोअप. सोबर राहिल्याचा वाढदिवस. स्लिप झाली, म्हणजे पुन्हा नशा केली, तर परत येण्याची मोकळीक, आणि दारात उभं राहिल्यावर कुणी न रागावणं. पूर्वी स्वतः पेशंट असलेले कार्यकर्ते. घरच्या बायकांशी बोलणं, कारण त्याही वर्षानुवर्षं त्याच आजारात राहिलेल्या असतात.

ह्यूस्टनच्या बसनंतरचं जे दाखवायचं राहिलं, ते हे.

❊

बरं होणं पडद्यावर दाखवायला अवघड आहे, हे कबूल करायला हवं. कोसळण्यात नाट्य असतं. बरं होण्यात काय असतं? सकाळी उठणं. चहा. मीटिंगला जाणं. जुना मित्र रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूनं चालणं. आज प्यायलो नाही. उद्या पुन्हा तेच. यात कळसाचा क्षण नसतो, आणि स्लिप झाली तर सगळं पहिल्यापासून.

म्हणून निर्माते कोसळण्यापाशी थांबतात आणि शेवटी एक ओळ टाकतात: आता तो व्यसनमुक्त आहे. त्या एका ओळीत माणसाची दहा वर्षं गेलेली असतात. ही दहा वर्षं दाखवण्याची युक्ती ज्याला सापडेल तो खरा मोठा दिग्दर्शक.

❊

संमतीबद्दल. टर्की लागलेल्या मुलानं दिलेली संमती ही संमती नव्हे. आघातातून नुकत्या बाहेर आलेल्या बाईची सहीही पुरेशी नाही. मला तरी नियम सोपा वाटतो: माणूस शुद्धीवर, पोटात अन्न आणि रात्रीची झोप झालेली असताना एकदा विचारायचं, चित्रपट तयार झाल्यावर त्याला दाखवून पुन्हा विचारायचं. नाही म्हणाला तर ते दृश्य काढायचं, मग ते कितीही चांगलं असो.

मात्र याच खासगीपणाची ढाल करून ह्यूस्टनचा चित्रपट चौतीस वर्षं दडपला गेला, हेही विसरायचं नाही. खासगीपणा ज्याचा आहे, निर्णय त्यानं घ्यावा. सैन्यानं नव्हे, सरकारनं नव्हे, आणि दिग्दर्शकानंही नव्हे.

❊

शेवटचं, आणि हे मराठी वाचकांना मुद्दाम सांगायचं आहे. आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. फलाटावर झिंगून पडलेला मुलगा, रस्त्यावर अडखळणारा बाप्या, त्याच्या मागं धावणारी बायको, यांच्या चित्रफिती आपल्या मोबाइलवर रोज येतात, आणि खाली हसण्याच्या खुणा असतात. तो मुलगा पुढं बरा झाला, नोकरीला लागला, त्याला मुलगी झाली, तरी ती फीत तशीच फिरत राहील.

अशी फीत काढू नका. आली तर पुढं पाठवू नका. पडलेला माणूस श्वास घेतो आहे का बघा, त्याला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. आणि तुम्ही माहितीपट करणारे असाल तर ज्याची गोष्ट सांगितली त्याच्याकडे पाच वर्षांनी परत जा. तो जिवंत असेल तर गोष्ट अजून अर्धीच सांगून झाली आहे.